मळवलीचा रविवर्मा छापखाना

राजा रविवर्मा यांच्या चरित्रांत मळवलीच्या वाट्याला फार तर एखादे पान येते. मुंबईत प्लेग आला, छापखाना घाटावर हलवला, कर्ज वाढत गेले, शेवटी तो एका जर्मन तंत्रज्ञाला विकला, एवढे सांगून चरित्रकार पुन्हा केरळाकडे वळतो. चित्रकाराच्या आयुष्यापुरते ते ठीक आहे. पण हा छापखाना रविवर्म्यांच्या मालकीचा होता तो जेमतेम दशकभर. त्यानंतर तो मावळातच, भाजे आणि कार्ल्याच्या मधल्या सपाटीवर, १९७२ पर्यंत नांदला. हा मोठा काळ आपल्या तालुक्याचा आहे आणि तो आपणच लिहायला हवा. इथे छापखान्याकडे पाहिले आहे ते चित्रकार, दगडावरचे कारागीर आणि यंत्रावरचे कामगार यांचे एका छपराखालचे कामाचे घर म्हणून. थोर चित्रकाराचा फसलेला धंदा ही त्याची ओळख फार अपुरी आहे.

छापखान्याची कल्पना रविवर्म्यांच्या मनात आली ती एका मराठी माणसामुळे. सर टी. माधवराव हे कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरचे, पुढे बडोद्याचे दिवाण. १८८४ मध्ये त्यांनी रविवर्म्यांना पत्र लिहून सुचवले, की तुमच्या चित्रांना मागणी इतकी आहे की एका हाताने ती पुरी होणार नाही. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे रंगीत छाप काढून घ्या. रविवर्म्यांनी ते लगेच मनावर घेतले नाही. १८८८ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडे पौराणिक विषयांवरची चौदा चित्रे सोपवली. ती पुरी झाल्यावर बडोद्यात आणि मुंबईत लोकांना पाहायला ठेवली, तेव्हा गर्दी लोटली आणि चित्रांच्या फोटोंच्या प्रतीही हातोहात खपल्या. आपली चित्रे राजवाड्याबाहेरच्या माणसाला हवी आहेत, याचा पुरावा आता डोळ्यांसमोर होता. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना उभा राहिला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे भागीदार होते, धाकटे बंधू राजराजवर्मा कारभारात सोबत होते, यंत्रे जर्मनीची आणि ती चालवणारे तंत्रज्ञही जर्मनीहून आणलेले. पहिले चित्र छापले ते शकुंतलेच्या जन्माचे.

देवादिकांची रंगीत चित्रे महाराष्ट्राला तेव्हा नवीन नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली होती आणि तिची शिळाछापाची चित्रे घराघरांत गेली होती. मुंबईच्या या छापखान्याने जे नवे केले, ते तैलचित्राचा रंग, त्वचेवरचा उजेड, रेशमाची चमक कागदावर उतरवण्याचे. त्यासाठी लागणारे कौशल्य आणि यंत्रसामग्री दोन्ही त्या काळी इथे दुर्मीळ होती.

हे काम कसे चाले, ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याशिवाय या कारखान्यात इतक्या माणसांची गरज का होती हे कळत नाही. शिळाछापाचा शोध आलॉइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात लावला, आणि त्यासाठी लागणारा उत्तम चुनखडीचा दगड त्याच प्रांतात, सोलनहोफेनच्या खाणींत सापडतो. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर हे सगळे तंत्र उभे आहे. दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, त्यावर गोंद आणि किंचित आम्ल यांचा हात फिरवायचा, दगड ओला करायचा आणि मग तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. कोऱ्या ओल्या भागावर शाई धरत नाही. रेघ जिथे आहे तिथेच धरते. एका दगडावर एकच रंग. रविवर्म्यांच्या तैलचित्राची छटा साधायची तर वीस-वीस, कधी त्याहूनही अधिक दगड लागत. फिका पिवळा आधी, मग गुलाबी, मग निळे, करडे, तपकिरी. प्रत्येक वेळी तोच कागद यंत्रातून जायचा आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यातल्या खुणा केसभरही न चुकता जुळायला हव्यात. एक दगड चुकला की तोवरच्या सगळ्या छपाईवर पाणी. सगळे रंग चढल्यावर कागदाला रोगण लागे आणि कॅनव्हासच्या विणीसारखा पोत उठवला जाई. ओलिओग्राफ म्हणतात ते हेच.

आता या कामातली माणसे मोजा. मूळ चित्र पाहून त्यातला प्रत्येक रंग मनातल्या मनात वेगळा काढणारा आणि तो दगडावर उलटा, ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवणारा कलाकार सगळ्यांत महत्त्वाचा. त्याला चित्रकाराइतकीच नजर लागते. फरक एवढाच की त्याच्या हातून पूर्ण चित्र कधीच निघत नाही, निघतो तो एका चित्राचा विसावा हिस्सा. मग दगड घासणारे. जुने चित्र पुसून दगड पुन्हा कोरा करायचा तर एका दगडावर वाळू-पाणी टाकून दुसरा दगड तासन्‌तास फिरवावा लागतो. मग शाई घोटणारे, यंत्रावर कागद लावणारे, छापलेला कागद उचलून वाळत घालणारे, कापणारे, बांधणी करणारे. सत्तर सेंटिमीटर रुंद, मीटरभर लांब आणि नऊ सेंटिमीटर जाड असा एक दगड दीड क्विंटलहून जड भरतो. एका चित्राचे वीस दगड म्हणजे तीन टनांच्या वर. इतका पसारा कोणा एका कलाकाराच्या घरात मावणारा नाही आणि एकट्याच्या कमाईत परवडणारा तर नाहीच. कलाकारांनी एका छपराखाली यायचे ते बहुतेक वेळा याच कारणाने, की यंत्र एकट्याचे होऊ शकत नाही.

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत मांडवी भागातून प्लेग पसरला. माणसे शहर सोडून गेली, कारखाने ओस पडले, छपाईचे कामगारही पांगले. १८९९ मध्ये छापखाना मळवलीला आला. जागेची निवड चांगल्या विचाराने झाली असावी असे मला वाटते. बोरघाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग १८६३ मध्येच जोडला गेला होता, त्यामुळे जर्मनीहून आलेली यंत्रे आणि दगड मुंबई बंदरातून थेट इथवर रुळांवरून येऊ शकत होते. इंद्रायणीचे पाणी जवळ होते. जागा मोकळी होती, आणि जड यंत्रांना लागते तशी पक्की जमीनही. अडचण एकच, पण मोठी: पाऊस. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि मळवली त्या पट्ट्याच्या काठावरच आहे. ओल्या हवेत कागद फुगतो, आणि फुगलेल्या कागदावर विसाव्या रंगाची खूण पहिल्या रंगाशी जुळवणे हे किती अवघड, ते छपाईतला कोणीही सांगेल. इथल्या आषाढ-श्रावणात ज्यांनी ते साधले, त्यांच्या हाताला नावाजायलाच हवे.

रविवर्म्यांना मात्र छापखाना पेलला नाही. सतत प्रवास, राजेरजवाड्यांची कामे, भागीदारीतल्या अडचणी आणि कर्ज. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच त्यांनी तो चित्रांच्या छपाईच्या हक्कांसह फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. श्लायशर हे छापखान्यातलेच जर्मन तंत्रज्ञ. १९०५ मध्ये राजराजवर्मा गेले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा. श्लायशरांनी छापखान्याचे नाव बदलले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढची अनेक दशके लक्ष्मी, सरस्वती, दमयंती आणि हंस, विश्वामित्र आणि मेनका या चित्रांच्या तळाशी रविवर्मा प्रेस आणि त्यासोबत कार्ला-लोणावळा अशी अक्षरे छापून देशभर जात राहिली. पंजाबातल्या दुकानदाराला किंवा तमिळ गृहिणीला कार्ला हे गाव लेण्यांमुळे माहीत असण्याचे कारण नव्हते. माहीत असलेच तर ते आपल्या देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीच्या पायाशी छापलेल्या या ओळीमुळे.

श्लायशर कारखानदार होते आणि कारखाना कशावर चालतो हे त्यांना पक्के कळत होते. देवतांच्या चित्रांच्या जोडीला कॅलेंडरे, मालावरची लेबले, जाहिराती, पोस्टकार्डे अशी कामे त्यांनी घेतली. काही अभ्यासक या टप्प्याला उतरती कळा म्हणतात. मला ते पटत नाही. मूळ चित्राच्या छटा हळूहळू भडक होत गेल्या, दगडांची संख्या कमी होत गेली, हे खरे. पण लेबले आणि कॅलेंडरे यांच्या कामावरच पगार होत होते आणि पगार होत होते म्हणून दगडावर ठिपके देणारा हात टिकून होता. नव्या चित्रकारांना इथे काम मिळाले तेही याच काळात. पॉल गेरहार्ट या जर्मन कलाकाराने इथे शिळाछापाची पोस्टकार्डे केली. कोल्हापूरचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि तिथेच शिकवणारे म. वि. धुरंधर यांची चित्रेही या छापखान्याने छापली. सर्वसामान्य घरात या छापांचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. बायकांनी त्यांवर जर, टिकल्या, मणी, कापडाचे तुकडे लावून देवीला खरे लुगडे नेसवले, खरे दागिने घातले. रविवर्म्यांच्या पुराणातल्या अनेक स्त्रिया मराठी पद्धतीने लुगडे नेसलेल्या आहेतच. त्यात ही भर. देवळाच्या आत ज्यांना पाऊल टाकू दिले जात नव्हते, त्यांच्या भिंतीवरही हा देव काही आण्यांत आला. मावळातल्या एका कारखान्यातून हे घडले याचा अभिमान बाळगायला काहीच हरकत नाही.

या छापखान्यामुळे लोणावळ्याच्या परिसरात छपाईच्या कामाचे एक छोटे जग तयार झाले. त्यातला सर्वांत ठळक माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. जे. जे. आणि बडोद्याचे कलाभवन इथे शिकलेले, फोटोग्राफी येणारे, पुरातत्त्व खात्यात काम केलेले फाळके बंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या वाऱ्यात नोकरी सोडून लोणावळ्याला आले आणि त्यांनी भागीदारीत एन्ग्रेव्हिंगचा आणि छपाईचा कारखाना काढला. रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचे काम करून देणे हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी मुख्य. तिथून ते तीन रंगांच्या ठोकळ्यांकडे वळले, कारखाना दादरला गेला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने तो नावारूपाला आला, १९०९ मध्ये यंत्रे आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले आणि पुढे भागीदारांशी न पटल्याने बाहेर पडले. ३ मे १९१३ रोजी राजा हरिश्चंद्र हा त्यांचा चित्रपट लोकांसमोर आला. फाळक्यांच्या पडद्यावरच्या देवांचे वेश, उभे राहणे, मागच्या रंगवलेल्या पडद्यांवरची दृश्ये पाहिली की मळवलीची आठवण होते. त्यांच्या डोळ्यांनी ही चित्रे फक्त पाहिली नव्हती, ती थर थर वेगळी करून पाहिली होती.

याच सुमारास मावळात आणखी एक कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने, १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे तिथले तज्ज्ञ. काच फुंकण्याचे कसब शिकलेली माणसे तिथून देशभर गेली. तळेगावची काच आणि मळवलीचा शिळाछाप: विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात या तालुक्यात हाताचे कसब आणि यंत्र यांची अशी दोन घरे होती, आणि दोन्ही लोहमार्गावर होती. हवा खाण्याचे ठिकाण एवढीच आमची ओळख नंतर झाली.

कसबी हातांची नावे मागे न राहण्याची गोष्ट मात्र मावळात फार जुनी आहे. बेडशाची लेणी ज्या डोंगरात आहेत, तो लोहगड-विसापूरच्याच रांगेचा पूर्वेकडचा भाग. तिथल्या चैत्याच्या ओसरीतले उंच खांब, त्यांच्या माथ्यावरचे घोडे, बैल, हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी पाहायला दूरदूरचे लोक येतात. लेण्यात नाव सापडते ते दात्याचे: नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा मुलगा पुष्यणक. ज्यांनी छिन्नी चालवली त्यांची नावे खडकावर नाहीत. मळवलीच्या छापांवरही नाव एकाचेच, आणि दगडावर काम केलेले, रंग घोटलेले, ओझी वाहिलेले सगळे अनाम. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांच्या बाबतीत आता काही करता येण्यासारखे नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कामगारांच्या बाबतीत मात्र अजून खूप काही करता येईल.

फ्रिट्झ श्लायशर १९३५ मध्ये वारले. छापखाना पुढे त्यांच्या कुटुंबीयांनी चालवला. ऑफसेट छपाई आली, दगडाचे तंत्र मागे पडले, कॅलेंडरांची मोठी कामे शिवकाशीकडे वळली. १९७२ मध्ये आग लागली आणि कारखाना जळून गेला. रविवर्म्यांच्या काळापासूनच्या छापांचा मोठा साठाही त्यात गेला.

या सालाकडे पाहताना मन फार हळहळते, आणि ते केवळ जळालेल्या छापांसाठी नाही. त्याआधीच्या चार वर्षांत जगात दुसरीकडे काय चालले होते पाहा. १९६८ मध्ये लंडनची सेंट कॅथरिन गोदी बंद पडली आणि ब्रिजेट रायली, पीटर सेजली या चित्रकारांनी पुढाकार घेऊन तिथल्या ओस गोदामांत कलाकारांसाठी सामाईक स्टुडिओ सुरू केले. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये बेल कंपनीच्या जुन्या प्रयोगशाळांच्या इमारतींत वेस्टबेथ उघडले. जवळजवळ चारशे कलाकार कुटुंबांना राहायला आणि काम करायला तिथे जागा मिळाली. जुन्या कारखान्याची इमारत कलाकाराला का रुचते, याची कारणे साधी आहेत. छत उंच असते. जमीन यंत्राचा आणि दगडाचा भार सोसते. उत्तरेकडे तिरप्या काचा असलेल्या छपरातून दिवसभर एकसारखा, सावली न हलवणारा उजेड येतो. दारे ट्रक आत येईल एवढी असतात. पाण्याची आणि सांडपाण्याची सोय झालेली असते. मळवलीला या सगळ्याच्या जोडीला सत्तर वर्षांचे कसब होते. इमारत राहिली असती, तर कलाकारांच्या सामाईक कामघरासाठी याहून योग्य जागा महाराष्ट्रात शोधून सापडली नसती.

सामाईक स्टुडिओची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात त्यांच्या नावाची संस्था चालली, तिथे वासुदेव गायतोंडे आणि हुसेन चित्रे काढत, अल्काझींची नाटके बसत, रविशंकरांची किन्नर संगीतशाळा भरत असे. एका खोलीतून सतार ऐकू यावी आणि शेजारच्या खोलीत कॅनव्हास वाळत असावा, असे ते दिवस. ती वास्तूही पुढे पाडली गेली आणि तिथे उंच इमारत आली. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडले, तेव्हा लाखो चौरस फुटांच्या उंच छपरांच्या जागा मोकळ्या झाल्या. त्यांतल्या बहुतेक मॉल आणि मनोऱ्यांनी गिळल्या. गिरणी कामगारांच्या घरांचाच प्रश्न नीट सुटला नाही, तिथे कलाकारांचे कोण ऐकणार, असे कोणी म्हणेल. पण हे दोन प्रश्न एकमेकांविरुद्ध उभे करायचे कारण नाही. कामाची जागा कामाच्या माणसाकडे राहावी, ही दोघांची मागणी एकच आहे. अलीकडे महालक्ष्मीच्या लक्ष्मी मिल्स इस्टेटमधल्या गोदामात जी-५-ए हे कलाकेंद्र आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात कलादालन असे काही प्रयत्न झाले आहेत. ते मोलाचे आहेत. मात्र तिथे कला दाखवायला जागा आहे, रोज सकाळी येऊन हात काळे करायला जागा फारच थोडी.

मावळातल्या चित्रकार-शिल्पकारांपैकी ज्यांना असे कामघर उभे करायचे असेल, त्यांनी मळवलीच्या इतिहासातून दोन-तीन गोष्टी जरूर घ्याव्यात. एक, सामाईक यंत्र आधी, खोल्या नंतर. लिथो किंवा एचिंगचे यंत्र, भट्टी, ओतकामाची सोय असे काही एकट्याला न परवडणारे मध्यभागी असले तर माणसे टिकतात. नुसत्या भाड्याच्या खोल्या वर्षा-दोन वर्षांत रिकाम्या होतात. दुसरे, पोटापाण्याच्या कामाला कमी लेखू नये. लेबलांनी छापखाना सत्तर वर्षे जगवला. तिसरे, आगीचा विचार पहिल्या दिवशी करावा. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. टर्पेंटाइन, रोगण आणि कागद एका खोलीत ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. चिंध्यांसाठी झाकणाचे पत्र्याचे डबे, कागदाचे कोठार वेगळ्या भिंतीआड, आणि जे छापले त्याची एक प्रत दुसऱ्या गावी. मळवलीचा साठा एकाच जागी होता.

छापखान्याचा कागदोपत्री इतिहास लिहिणाऱ्यांत एर्विन नॉयमायर आणि क्रिस्टिन शेलबर्गर या ऑस्ट्रियन अभ्यासकांचे ऋण मोठे आहे. राजराजवर्म्यांची दैनंदिनीही त्यांनीच संपादित करून प्रसिद्ध केली. मालकांची, चित्रकारांची, चित्रांची बाजू त्यामुळे बरीच उजेडात आली. कामगारांची बाजू इथल्या घरांत आहे. मळवली, भाजे, पाटण, देवले, सदापूर, कार्ला, वेहेरगाव या गावांत ज्यांचे आजोबा-पणजोबा छापखान्यात होते, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून विचारावे: कोणत्या खात्यात होते, पगार कसा मिळे, पावसाळ्यात कागद कसा सांभाळत, साहेब मराठी बोलत का, आग लागली त्या दिवशी कोण कुठे होते. जुना छाप असेल तर त्याचा पुढून आणि मागून फोटो घ्यावा, तळाची छापील ओळ नीट वाचता येईल असा. चौकटीतून काढताना काच कागदाला चिकटलेली असेल तर ओढू नये, तशीच राहू द्यावी. पगाराची पावती, हजेरीचा कागद, फुटक्या दगडाचा तुकडा, काहीही टाकून देऊ नये. दगड अंगणात पायरी म्हणून लावला असेल तर तो उलटून पाहावा. खालच्या अंगाला एखाद्या रंगाचे चित्र अजून असण्याची शक्यता आहे.